लाल झाकणांची शाळा

सिडनीच्या सर्क्युलर कीवरून मी बोटॅनिक गार्डनकडे वळलो, तेव्हा काकाकुवा डोळ्यांआधी कानांना भेटला. पिवळ्या तुऱ्याच्या या पांढऱ्याशुभ्र पक्ष्याचा आवाज पत्रा फाडल्यासारखा. हिरवळीवर थवा कंद उकरतो आणि एखाददुसरा झाडावरून पहारा देतो. चोरट्या जुगाराच्या अड्ड्याबाहेरच्या राखणदारालाही ऑस्ट्रेलियात ‘कॉकाटू’, म्हणजे काकाकुवाच, म्हणत. दक्षिणेकडच्या उपनगरांत उतरलं की रस्त्याकडेला लाल झाकणांचे कचऱ्याचे डबे दिसतात, काहींवर विटा ठेवलेल्या. त्या वाऱ्यासाठी नाहीत. काकाकुवा चोचीने झाकण उचलतो, ते धरून कडेवरून मागे चालत जातो आणि उलटं पाडतो. 2018 पूर्वी तीनच उपनगरांतून अशी खबर होती, 2019 संपेपर्यंत ती 44 उपनगरांतून आली. कला पसरली ती शेजारून शेजारी, आणि जागोजागी तिची ढब थोडी वेगळी. ही उपजत खोड असती, तर सगळीकडे एकदम आणि एकसारखी दिसली असती. इथे एकाचं पाहून दुसरा शिकला. पुढे काहींनी विटाही ढकलून पाडल्या!

म्हणूनच पिंजऱ्याबद्दलची नेहमीची तक्रार मला अपुरी वाटते. पंख अडतात हे खरंच. पण या पक्ष्याची अक्कल थव्यात चालते, आणि पिंजऱ्यात थवाच नसतो. रिकामी चोच मग फर्निचर कुरतडते, कधी स्वतःचीच पिसं उपटते. पाळणारे म्हणतात, तो जीव लावतो. लावतोच, पण जोडीने राहणारा हा पक्षी पुष्कळदा एका माणसालाच जोडीदार मानतो आणि घरातल्या इतरांना चावतो. ते प्रेम म्हणजे त्याची अडचण आहे. पिंजऱ्यातच जन्मलेल्याला रान काय ठाऊक, हा आक्षेप वजनदार आहे खरा. पण कोंबडी माणसाजवळ हजारो वर्षं घडली. काकाकुवाच्या एकदोन पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. राहिला पिंजऱ्यातल्या दीर्घायुष्याचा दाखला. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला ‘कुकी’ हा गुलाबी काकाकुवा 2016 साली वारला, तेव्हा 83 वर्षांचा होता. तिथे सांभाळणारी माणसं बदलत गेली तरी संस्था टिकून होती. घराचं तसं नसतं. मुंबई-पुण्यात हा पक्षी विकत घेऊ पाहणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाने, आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार, त्याचं नाव आधी ठरवावं.