दारं धरणारी माणसं

उसाला पाणी पाजायची रात्रपाळी असली की आबा आठलाच जेवून घ्यायचे. शेतीची लाईट उशिरा यायची. ती आली की मोटर घरघरू लागायची, पाट भरून वाहायचा आणि आबा खोरं खांद्यावर टाकून बांधावर उभे राहायचे. आमच्याकडं या कामाला दारं धरणं म्हणतात. पाटाचं पाणी कुठल्या सरीत घालायचं, किती वेळ घालायचं आणि कधी तोडायचं, हे सगळं दारं धरणाऱ्याच्या हातात. सरी भरत आली की तिच्या तोंडाशी चिखल लावायचा, पुढचीचं तोंड फोडायचं. ऐकायला सोपं आहे. पण नवख्या माणसाचं पाणी एका सरीत तुंबतं, शेजारची कोरडी राहते आणि मधला वरंबा फुटतो. आबांचा वरंबा फुटलेला मला आठवत नाही.

त्याच वेळी सोप्यात मी फुटबॉल बघत असायचो. युरोपातले मोठे सामने आपल्याकडं उन्हाळ्यात सव्वाबाराला सुरू व्हायचे, थंडीत सव्वाला. आज्जी सोप्यातच निजायची, म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. समालोचक ज्याच्या पायात चेंडू त्याचं नाव घेतो आणि आपले डोळे त्या नावामागं पळतात. नावच कानावर पडलं नाही की डोळे मोकळे होतात, चेंडू सोडून भलतीकडं जातात. २००८ च्या युरोत ते असेच मैदानाच्या मध्यावर जाऊन थांबले. तिथं एक बुटका माणूस, चेंडू त्याच्यापासून तीस पावलं लांब असताना, मान डावीकडं वळवत होता, उजवीकडं वळवत होता, पुन्हा खांद्यावरून मागं बघत होता. चेंडू आला तेव्हा त्यानं चेंडूकडं बघितलंसुद्धा नाही. एका स्पर्शात तो पुढं गेला आणि याची मान परत फिरू लागली.

तो झावी. बार्सिलोनाजवळच्या तेरासा गावचा, १९८० चा जन्म, अकराव्या वर्षी बार्सिलोनाच्या मुलांच्या संघात आलेला. त्याच्या मान वळवण्याकडं बघताना मला पहिल्यांदा आबा आठवले. मी लहानपणी त्यांच्याबरोबर बॅटरी धरायला जायचो. मी भरत्या सरीवर उजेड पाडायचो आणि ते ओरडायचे, "हितं नको, तिकडं पाड. ही भरलेलीच हाय." पाणी आत्ता कुठं आहे हे त्यांना बघायचंच नसायचं. ते पुढं कुठं जाणार, ती जागा मोकळी आहे का, तिथं ढेकूळ आडवं आलंय का, एवढंच ते बघायचे. झावी तेच बघत होता. गेइर योर्देत नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकानं खेळाडूंच्या या मान वळवून बघण्याचाच अभ्यास केला आहे. चेंडू येण्याआधी जो जास्त वेळा आजूबाजूला बघून घेतो, त्याचे पास जास्त अचूक जातात, असं त्याला आढळलं. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. रात्री आवाज बंद करून मी जे बघत होतो ते खरंच तिथं होतं.

व्हिएन्नातल्या त्या युरोच्या अंतिम सामन्यात, ३३ व्या मिनिटाला, झावीनं जर्मनीच्या बचावफळीतल्या फटीतून चेंडू सोडला आणि फर्नांडो टोरेसनं गोल केला. स्पेन १–० नं जिंकला, झावी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधी अडीच वर्षं त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. सावरून आलेल्या त्या माणसाच्या हाती प्रशिक्षक लुईस आरागोनेस यांनी संघाची लय सोपवली, आणि पुढची चार वर्षं स्पेन त्याच लयीत जिंकत राहिला.

मधल्या फळीतल्या खेळाडूंची तुलना करताना लोक गोल मोजतात, फार तर गोलासाठी दिलेला शेवटचा पास मोजतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. २०१० चा विश्वचषक स्पेननं सात सामन्यांत फक्त आठ गोल करून जिंकला, त्यात झावीचा एकही नाही. आणि तरीही ती स्पर्धा त्याचीच होती. सामना हलत नसे तेव्हा तो चेंडू मागं द्यायचा, परत घ्यायचा, आडवा द्यायचा, परत घ्यायचा. कंटाळवाणं खेळतात असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. पाणी एका सरीतून दुसरीत हळूहळू चढतं तेही उभ्या माणसाला कंटाळवाणंच दिसतं. पण समोरचा संघ त्या आडव्या पासांमागं इकडून तिकडं सरकता सरकता दमायचा, कुठंतरी एक वरंबा पातळ व्हायचा, आणि नेमकी तीच जागा झावी फोडायचा. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या बॅलन डी'ओरच्या यादीत तो २००९, २०१० आणि २०११ अशी सलग तीन वर्षं तिसरा आला. तीनही वेळा बक्षीस त्याच्याच संघातल्या मेस्सीला मिळालं. मेस्सीपर्यंत चेंडू पोचवणाऱ्यांत झावी पहिला होता, हे मात्र कुठल्या यादीत मावत नाही.

इनिएस्ताचं नाव त्याच्याबरोबरच घेतात, घ्यावंही. जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला गोल त्यानंच केला. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे अडीच वाजत आले होते. जर्सी काढून तो पळाला तेव्हा आतल्या बनियनवर त्याच्या दिवंगत मित्राचं, दानी हार्केचं नाव लिहिलेलं होतं. पण इनिएस्ता मला झावीसारखा वाटत नाही. तो स्वतःच पाणी होता. दोन माणसांच्या मधून, जिथं बोटभर वाट नाही तिथून, तो झिरपून जायचा. झिदानलाही मी या ओळीत धरत नाही. तो मोठा, कदाचित या सगळ्यांहून मोठा, पण खेळ त्याच्यापर्यंत आणून द्यावा लागायचा.

पिर्लोची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

आंद्रेआ पिर्लो हा ब्रेशियाजवळच्या फ्लेरोचा. सुरुवातीला तो पुढं, आघाडीच्या मागं खेळायचा. इंटरनं घेतला, पण तिथं जागा सापडली नाही. २००१ च्या जानेवारीत त्याला उसनवारीवर परत ब्रेशियाला पाठवलं. तिथं त्याच्या आवडीच्या जागेवर रोबेर्तो बॅज्जिओ होता. बॅज्जिओला कोण हलवणार? म्हाताऱ्या कार्लो माझ्झोने यांनी तोडगा काढला. पिर्लोला त्यांनी मागं, आपल्या बचावफळीच्या अगदी पुढ्यात नेऊन उभं केलं. जिथं संघ दांडगे, आडवे पडणारे गडी ठेवतात, तिथं हा सडपातळ, संथ पोरगा. १ एप्रिल २००१ ला तुरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध पिर्लोनं त्या मागच्या जागेवरून एक लांब चेंडू उचलला. बॅज्जिओ पळत होता, पाठ चेंडूकडं. चेंडू त्याच्या खांद्यावरून उतरला, एका स्पर्शात त्यानं तो गोलरक्षकाच्या बाजूनं काढला आणि जाळ्यात टाकला. लोक बॅज्जिओचा तो स्पर्श आठवतात. मी चेंडूचा प्रवास आठवतो. तो चेंडू पळणाऱ्या माणसाला वेग कमी करायला लावत नाही आणि वाढवायलाही लावत नाही.

झावी खेळाला वेग द्यायचा, पिर्लो खेळ थांबवायचा. चेंडू पायाखाली घेऊन तो असा उभा राहायचा की समोरून धावत येणारा माणूस क्षणभर गोंधळायचा. तेवढ्यात कुणीतरी पुढं सुटलेलं असायचं. ४ जुलै २००६, डॉर्टमुंड. विश्वचषकाचा उपांत्य सामना, इटली आणि जर्मनी, गोलफलक कोरा. त्या मैदानावर जर्मनी तोवर कधीच हरलेला नव्हता. ११९ वं मिनिट, म्हणजे पेनल्टीला दोन-चार श्वासांचं अंतर. पेनल्टी क्षेत्राच्या कडेला चेंडू पिर्लोकडं आला. दुसरा कुणीही तो मारला असता. पिर्लो आडवा सरकला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. सगळी जर्मन बचावफळी त्याच्याबरोबर सरकली, आणि मग न बघता त्यानं चेंडू उलटा, मागं सुटलेल्या फटीत ढकलला. ग्रोस्सोनं डाव्या पायानं तो लांबच्या खांबाकडून आत वळवला. त्या तीन पावलांइतकं सुंदर काही मी फुटबॉलमध्ये पाहिलेलं नाही. मिनिटभरात देल पिएरोनं दुसरा गोल केला आणि पाच दिवसांनी बर्लिनला इटली जगज्जेता झाला.

पिर्लोला बांधताही यायचं, हे मात्र खरं. २०१० च्या मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडनं पार्क जी-सुंग या अथक कोरियन खेळाडूला फक्त त्याच्यावर सोडलं. पार्क सावलीसारखा चिकटला आणि पिर्लोचा तेव्हाचा संघ मिलान ४–० नं हरला. झावीवर एक माणूस सोडून भागत नसे. तो चेंडू देऊन लगेच जागा सोडायचा, शिवाय त्याच्या मागं बुस्केट्स आणि शेजारी इनिएस्ता होते. पिर्लो एकटा उभा राहून खेळायचा, म्हणून त्याचं सौंदर्य एकसंध दिसायचं आणि म्हणूनच ते तोडताही यायचं. मोठेपण मोजायचं तर मी झावीला वर ठेवतो. माझ्याच मनाला हे रुचत नाही, पण खरं तेच आहे.

टोनी क्रूस, पॉल स्कोल्स, शाबी आलोन्सो हे सगळे आपापल्या परीनं दारं धरणारेच. पण आणखी एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

लुका मॉड्रिच लहानपणी वेलेबिट डोंगराच्या पायथ्याशी आजोबांच्या घरी वाढला. त्या डोंगरात शेळ्या हाकणाऱ्या पाचेक वर्षांच्या लुकाचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. १९९१ च्या डिसेंबरमध्ये, युद्धात, सर्ब बंडखोरांनी त्याच्या आजोबांना मारलं. आजोबांचंही नाव लुकाच. कुटुंब झादरला निर्वासित म्हणून एका हॉटेलात राहिलं आणि पोरगं तिथल्या गाड्या लावायच्या जागेत चेंडू खेळत राहिलं. या मुलाला पुढं अंगानं बारीक म्हणून नाकारलं गेलं. झावी आणि पिर्लो यांच्यात एक निवांतपणा आहे, मॉड्रिचमध्ये तो नाही. तो चेंडू घेऊन पळतो, हिसकावतो, परत उठतो, परत पळतो. वरंबा फुटला की माणूस खोरं टाकून हातानं चिखल ओढतो, तसा. २०१८ च्या विश्वचषकात क्रोएशियाचे बाद फेरीतले सलग तीन सामने जादा वेळेत गेले. डेन्मार्कविरुद्ध ११६ व्या मिनिटाला त्याची पेनल्टी अडवली गेली, आणि थोड्याच वेळात शूटआउटमध्ये तो पुन्हा त्याच गोलरक्षकासमोर उभा राहिला आणि त्यानं गोल केला. चाळीसेक लाख लोकांचा तो देश अंतिम सामन्यापर्यंत गेला.

आणि एप्रिल २०२२ ची माद्रिदची ती रात्र. चेल्सी ३–० नं पुढं, मॉड्रिचचा संघ रिअल चॅम्पियन्स लीगमधून जवळजवळ बाहेर. ८० व्या मिनिटाला मॉड्रिचनं डावीकडून उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू वळवला. चेंडू माणसांच्या डोक्यांवरून कोयत्याच्या पात्यासारखा वाकत गेला आणि रॉड्रिगोच्या पायावर उतरला. तेव्हा मॉड्रिच छत्तीस वर्षांचा होता. झावीच्या पासात हिशेब आहे, पिर्लोच्या पासात धीर आहे. या पासात गरज होती. दुसरा रस्ताच उरला नव्हता, म्हणून पायाच्या बाहेरून नवा काढला.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती ६ जून २०१५ ची रात्र. बर्लिन, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बार्सिलोना आणि युव्हेंटस. झावी पस्तिशीचा होता, राखीव खेळाडूंत बसलेला. ७८ व्या मिनिटाला इनिएस्ताच्या जागी तो आत आला. बार्सिलोनासाठीचा तो त्याचा ७६७ वा आणि शेवटचा सामना. समोर युव्हेंटसकडून पिर्लो, छत्तीस वर्षांचा, दाढी वाढलेली. नऊ वर्षांपूर्वी याच मैदानात तो जगज्जेता झाला होता. बार्सिलोना ३–१ नं जिंकली. शिट्टी वाजली आणि पिर्लो रडू लागला. ज्याच्या चेहऱ्यावर आम्ही कधी काही हललेलं पाहिलं नव्हतं, तो माणूस उघड रडत होता. झावीनं जाऊन त्याला मिठी मारली.

मी टीव्ही बंद केला. आज्जी कूस बदलून पुन्हा झोपली. बाहेर मोटर चालूच होती, पाऊस अजून यायचा होता आणि ऊस तहानलेला होता. चप्पल न घालताच मी बांधावरून गेलो. आबांची बॅटरी लांबून दिसत होती. उजेड नेहमीप्रमाणे पुढच्या सरीवर. गुडघा दुखायचा म्हणून ते एका पायावर भार देऊन उभे होते.

"संपली काय रं मॅच?"

"संपली. आबा, तुमी जावा घराकडं. मी धरतो."

त्यांनी खोरं माझ्या हातात दिलं, पण लगेच गेले नाहीत. बांधावर बसले आणि मी सरी कधी फोडतो ते बघत राहिले.