एका गोळीशी तह

माणसाचे भांडण कोणाशी होईल याचा नेम नाही. शेजाऱ्याशी बांधावरून होते, भावाशी वाटणीवरून होते, आणि नवरा-बायकोत तर कारणाशिवायही होते. माझे भांडण झाले ते एका गोळीशी. तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, पांढरीशुभ्र, बिनवासाची. तिने माझे काय वाकडे केले होते, आणि मी तिचे काय केले, ती ही हकीकत आहे. तिच्यात माझी शोभा फारशी नाही. पण दिवाळीत माणसाने घराबरोबर मनाचेही कोनेकोपरे झाडून काढावेत म्हणतात.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात माझ्या छातीत कळ आली. अंबाजोगाईहून लातूरला नेले, आणि हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसवून मला परत माझ्या ओसरीवर आणून सोडले. येताना बरोबर गोळ्यांची पिशवी होती. त्यांत रात्रीची एक गोळी ॲटोरव्हास्टॅटिन नावाची, ८० मिलिग्रॅमची. जन्मभर मुलांकडून पाढे म्हणवून घेतले, पण हे नाव पाठ व्हायला मला आठवडा लागला.

वैशाख सरत आला आणि माझे पाय बोलू लागले. आधी पोटऱ्या, मग मांड्या. पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागू लागला. निवृत्तीनंतर माझा एक नेम होता : पहाटे गावाबाहेर पडायचे, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीत उतरायचे आणि उन्हे तापायच्या आत वर चढून यायचे. तो नेम मोडला. जे हृदय सांभाळण्यासाठी चालायचे, त्या हृदयाच्या गोळीनेच चालणे बंद पाडले, असा माझा पक्का समज झाला.

आपल्याकडे आजारी माणसाला एक सुख असते. सल्ला फुकट मिळतो. कोणी सांगितले, अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या. कोणी लसणाच्या पाकळ्या मोजून दिल्या. शेजारचे अण्णा म्हणाले, “मास्तर, ही इंग्रजी औषधं म्हणजे उधारीचा व्यवहार. आज बरं वाटतं, उद्या व्याजासकट वसूल.” पुण्याच्या भाच्याने दोन बाटल्या पाठवल्या. एकीत कोएन्झाइम क्यू-टेन आणि दुसरीत कसल्याशा लाल तांदळाच्या कॅप्सूल. दोन्हींवर हिरवे पान छापलेले होते. हिरवे पान पाहिले की आपला अर्धा अविश्वास गळून पडतो.

आषाढात मी गोळी सोडली. सोडली असे सरळ म्हणायला हवे, पण तेवढाही सरळपणा माझ्यात नव्हता. रोज रात्री ही पाण्याचा पेला आणि गोळी हातात आणून द्यायची. मी गोळी जिभेखाली धरायचा, पाणी प्यायचा, आणि ही आत गेली की खिडकीतल्या सदाफुलीच्या कुंडीत ती बोटाने खुपसायचा. तीस-पस्तीस वर्षे वर्गात कॉपी पकडणारा मी, साठी उलटल्यावर घरातच कॉपी करू लागलो.

आणि गंमत अशी, की पाय बरे झाले! पंधरा दिवसांत पोटऱ्या सैल पडल्या. श्रावणात मी पुन्हा दरी उतरून आलो. काढा, लसूण, क्यू-टेन, लाल तांदूळ यांतल्या प्रत्येकाला मी मनोमन श्रेय देऊन टाकले.

अश्विनात दिवाळीची आवराआवर निघाली. हिने कुंड्यांची माती बदलायला घेतली. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. बराच वेळ मागून काही आवाज आला नाही म्हणून वळून पाहिले, तर ही जमिनीवर बसलेली, समोर उपडी केलेली कुंडी, आणि ओंजळीत मातीने माखलेल्या, विरघळून ओबडधोबड झालेल्या गोळ्या. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “मी रोज मोजून देत होते हो.”

माझे वडील पंचावन्नाव्या वर्षी शेताच्या बांधावर कोसळले. त्यांना गोळीही नव्हती आणि डॉक्टरही नव्हता. त्या एका वाक्यात मला ते आठवले.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला एलडीएल म्हणतात, ते गोळी चालू असताना ५८ होते, आता १४१. काढ्याने, लसणाने आणि हिरव्या पानाने मिळून राखलेली ही राखण!

डॉक्टर तरुण होते. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी विचारले, “दुखणं दोन्ही पायांत सारखं होतं का? लघवीचा रंग कधी गडद झाला होता का? दुसरं कुठलं औषध सुरू होतं का?” मग त्यांनी स्नायूंची, थायरॉइडची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली. पहिल्या दोन ठीक निघाल्या. ड जीवनसत्त्व मात्र तळाला गेले होते. बीडच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाला उन्हातले जीवनसत्त्व कमी पडावे! पण शाळेच्या छपराखाली आणि नंतर ओसरीवर ऊन कितीसे लागणार?

“तुमचे पाय खोटं बोलत नव्हते,” डॉक्टर म्हणाले. “पण ते कोणाबद्दल तक्रार करत होते, ते शोधायला हवं होतं.” मग त्यांनी मला एक प्रयोग सांगितला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील डॉक्टरांनी तो २०२० साली प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली ६० माणसे त्यांनी घेतली. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत खरी गोळी, चारांत औषध नसलेली पोकळ गोळी, चार रिकाम्या. गोळी खरी की पोकळ हे घेणाऱ्याला ठाऊक नाही. रोजच्या त्रासाला रोज गुण द्यायचे. वर्षाअखेर हिशेब मांडला तेव्हा दिसले, की खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा जादा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला होता. हा निकाल पाहून त्यांतल्या निम्म्या माणसांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मला आधी अपमान वाटला. म्हणजे माझे दुखणे मनाचे? पण विचार करता उमगले, की मनाने आणलेले दुखणेही पायातच दुखते. आणि उरलेला दहावा हिस्सा खराच असतो. काही थोड्यांना ही गोळी सोसत नाही, फार क्वचित स्नायू झिजून मूत्रपिंडावर येते, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. माझा वाटा कोणता, हे घरबसल्या सदाफुलीला विचारून कळणार नव्हते.

खरा धक्का लाल तांदळाने दिला. ही स्टॅटिन जन्मली कशी, ते मी वाचून काढले. अकिरा एंडो नावाचा जपानी शास्त्रज्ञ, शेतकऱ्याच्या घरचा. त्याने दोन वर्षे खपून सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या, आणि १९७३ साली क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या बुरशीत त्याला हवे ते द्रव्य सापडले. यकृतात कोलेस्टेरॉल बनते, त्या कामाला ते द्रव्य लगाम घालते. पुढे १९७९ साली एंडोलाच लाल तांदळाच्या बुरशीत तसेच दुसरे द्रव्य मिळाले. तेच लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेली पहिली स्टॅटिन! म्हणजे ज्या पाहुणीला मी पुढच्या दाराने हाकलले, तिचीच बहीण हिरवे पान डोक्यात खोवून मागच्या दाराने आत आली होती, आणि मी तिला पाट मांडून बसवले होते. फरक इतकाच, की डॉक्टरांच्या गोळीत औषध किती ते मोजलेले असते. त्या कॅप्सूलमध्ये किती आहे, हे कोणी सांगू शकत नव्हते. माझ्या रक्ताने मात्र सांगितले होते : नसल्यासारखेच. क्यू-टेनबद्दल डॉक्टर म्हणाले, की स्टॅटिनने शरीरातले ते द्रव्य थोडे घटते हे खरे, पण ते खाऊन पाय बरे होतात याचा पुरावा डळमळीत आहे.

मग तह झाला. थोडे दिवस सगळे बंद. ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा. पुढे दुसरी स्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, फक्त ५ मिलिग्रॅम, आधी एक दिवसाआड, नंतर रोज. आणि जोडीला पोटातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारी इझेटिमाइब नावाची गोळी. तहातले एक कलम माझे होते : शंभर पानी वही घालून पायांना रोज दहापैकी गुण द्यायचे. दुसरे कलम हिचे होते : गोळी गिळल्यावर ‘आ’ करून दाखवायचे.

ती वही मोठी बोलकी निघाली. पाय सर्वांत जास्त दुखले ते परळीच्या लग्नात दिवसभर उभा राहिलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि झोप न झालेल्या रात्रींनंतर. गोळी चुकलेल्या दिवशी ते कमी दुखले असे काही दिसले नाही. चार महिन्यांनी एलडीएल ६४ झाले. अधूनमधून पोटऱ्या आजही कुरकुरतात. मी त्यांना दोन-तीन गुण देतो आणि चालू लागतो.

नैसर्गिक उपायांवर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. उलट त्यांची खरी जागा मला आता कळली. ती बाटलीत नव्हती, आमच्या चुलीपाशीच होती. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, मेथी, मटकी, हरभरा. आणि करडई! लहानपणी आमच्या ज्वारीच्या शेताभोवती करडईचे पाटे असत. काटेरी कुंपण आणि तेल दोन्ही एकाच पिकातून. कोवळ्या करडईची भाजी आई भाकरीबरोबर वाढायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर तिचे ‘परभणी कुसुम’ नावाचे वाण काढले. आता सोयाबीनच्या रेट्यात ती शेताच्या कडेवरूनही दिसेनाशी होत चालली आहे. घरात लोणचे-पापड कमी झाले, तंबाखूची डबी मी स्वतः फेकली, पहाटेची दरी पुन्हा सुरू झाली. हे सगळे गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला. एका बैलाने गाडी ओढत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी निरोप घ्यायला आला. दरवर्षी तो जोडीने ऊसतोडीला जातो. आमच्या जिल्ह्यातून अशी लाखो माणसे सहा-सहा महिने बाहेर असतात. पंचेचाळिशीचा गडी, दीड वर्षापूर्वी झटक्यातून वाचलेला. सहज विचारले तर म्हणाला, “गोळ्या सोडल्या, गुरुजी. पाय गळतेत त्यानं. मुकादमाची उचल घेऊन बसलोय; पायच गेले तर कोयता कोण चालवील?”

मी काय बोलणार? माझे पाय दुखले तेव्हा माझा फिरायचा नेम मोडला होता. त्याचे पाय दुखले तर घर मोडत होते. ‘तुझ्या मनाचे खेळ’ असे मी त्याला म्हटले नाही. त्याला कुंडीची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. त्याची बायको मात्र हसली नाही, तिने नवऱ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याला आमच्या गावच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेलो. तपासण्या झाल्या, गोळी बदलली, मात्रा कमी झाली. हंगामभराच्या गोळ्या त्याच्या बायकोने पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवल्या. वहीही दिली मी.

यंदा फडावर निघण्याआधी तो बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे घेऊन आला. मी विचारले, “पाय दुखतात का रे?”

“दुखतेत की, गुरुजी. पण ते उसाचं दुखणं हाय, गोळीचं नाही. वहीत बघा.”

वही उसाच्या चिकाने डागाळली होती, पण एकही दिवस कोरा नव्हता. माझ्या वर्गात असताना या पोराने गृहपाठ कधी वेळेवर आणला नव्हता.

काल रात्री फराळाच्या ताटाशेजारी हिने नेहमीप्रमाणे गोळी आणि पेला ठेवला. मी गोळी गिळली आणि न सांगता ‘आ’ केला. ती म्हणाली, “पुरे. आता चकली खा. एकच.”

खिडकीतली सदाफुली यंदा भरभरून फुलली आहे. तिचे कोलेस्टेरॉल मात्र कोणी तपासलेले नाही.