घर पाहावे वाळवून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अनुभवाअंती केली. मलप्रभेच्या काठी राहणाऱ्या आम्हां लोकांस तीत आणखी एक चरण जोडण्याचा अधिकार आता प्राप्त झाला आहे, असे आम्हांस वाटते: घर पाहावे वाळवून. घर बांधताना माणसाच्या धीराची जी परीक्षा होते, तीहून अवघड परीक्षा पुरात भिजलेले घर घेते. त्या परीक्षेत आम्ही स्वतः अनुत्तीर्ण झालो. ती हकीकत सांगितल्याने एखाद्या कुटुंबाचे नुकसान टळेल, एवढ्याच हेतूने आज लेखणी हाती धरली आहे.

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला पंधरवडा आमच्याकडील कोणीही विसरणार नाही. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावणारी आमची मलप्रभा, तशाच घटप्रभा, मार्कंडेय आणि कृष्णा या नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात एकाच सुमारास पात्र सोडले. आमच्या खानापूर तालुक्यातील अनेक मातीची घरे बसली. गावच्या सखल आळीत एक रात्र आणि एक दिवस गुडघाभर पाणी होते. १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा आम्ही अर्पण केली, तेव्हा कित्येक भाविक चिखलाने माखलेल्या पायांनीच चर्चमध्ये आले होते.

त्याच आळीत आमच्या धर्मग्रामातील एक विधवा मावशी एकट्या राहतात. त्यांच्या घराच्या भिंती मातीच्या, दीड फूट जाडीच्या. पाणी ओसरले तरी त्या उभ्या होत्या, म्हणून आम्ही सर्वांनी परमेश्वराचे आभार मानले. गावातील एका वृद्ध गवंड्यास आम्ही घर दाखविले. त्याने भिंतीला तळहात लावला आणि म्हटले, “फादर, भिंत पाणी प्यालेली आहे. आत्ताच तिचं तोंड बंद करू नका. दिवाळीपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवा, मग बघू.”

आम्हांस ते बोलणे आळसाचे वाटले. मदतीची रक्कम हाती आली होती आणि मावशींना लवकर घरात नेण्याची घाई आम्हांस झाली होती. इतक्यात शहरातील एक कंत्राटदार आला. आठ दिवसांत सिमेंटचा गिलावा करून घर नव्यासारखे करून देतो, असे तो म्हणाला. त्याने सर्व पैसे आगाऊ मागितले. मावशी घुटमळल्या. “तुम्ही सांगता तर देते, फादर,” असे त्या म्हणाल्या, आणि आम्ही “द्या” म्हटले. वाचकहो, त्यांनी विश्वास ठेवला तो कंत्राटदारावर नव्हे, आमच्या शब्दावर.

नाताळपर्यंत घर मोठे देखणे दिसत होते. उपवासकाळ लागला तेव्हा जमिनीपासून हातभर उंचीवर पांढरा लोणा फुटला आणि गिलाव्याला फुगवटे आले. वृद्ध गवंडी त्या घरावरून जाता जाता आत शिरला. त्याने बोटाच्या पेराने भिंत वाजविली. आवाज पोकळ आला. “मावशी, खाट या भिंतीपासून हलवा,” एवढेच तो बोलला. मावशींनी खाट पलीकडच्या खोलीत नेली. आम्ही कंत्राटदारास निरोपांवर निरोप धाडले. तो पुन्हा फिरकला नाही. पुढे टाळेबंदी आली आणि २०२० च्या जुलैत, पहिल्या मोठ्या पावसात, ती भिंत रात्री आतल्या अंगास कोसळली. जेथे खाट होती तेथे मातीचा ढीग पडला होता. मावशी वाचल्या त्या गवंड्याच्या शब्दामुळे. आमच्या शब्दाने त्यांस जवळजवळ गाडलेच होते.

यामागील कारण समजून घेणे कठीण नाही. मातीची, विटांची किंवा जांभ्या दगडाची भिंत पाणी शोषते आणि वारा लागेल तसे ते हळूहळू बाहेर टाकते. मातीचा अथवा चुन्याचा गिलावा त्या वाफेस वाट देतो. सिमेंटचा घट्ट गिलावा ती वाट अडवितो. मग ओल आतच राहते, मातीतील क्षार पृष्ठभागाकडे येऊन गिलावा ढकलतात आणि भिंतीचा पाया मऊच राहतो. जुन्या इमारतींची निगा राखणारे जाणकार एक ठोकताळा सांगतात: भिंतीच्या जाडीतील एक इंच वाळण्यास सुमारे एक महिना लागतो. दोन्ही बाजूंनी वारा खेळता असेल तर काळ कमी होतो. पण आठ दिवसांत दीड फुटाची भिंत वाळणे नाही.

याची आम्हांस सर्वांत अधिक लाज वाटावी असे एक कारण आहे. पवित्र शास्त्रातील लेवीय या ग्रंथाचा चौदावा अध्याय आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. घराच्या भिंतीवर हिरवट वा तांबूस डाग पडले तर याजकाने काय करावे, हे तेथे सांगितले आहे. प्रथम घर रिकामे करवावे, मग पाहावे, आणि सात दिवस ते बंद ठेवून पुन्हा येऊन पाहावे. डाग पसरला असेल तर ते दगड काढून टाकावेत, भिंती आतून खरवडाव्यात आणि मगच नवा गिलावा करावा. तो विधी आता आपणांस लागू नाही हे खरे. परंतु आधी पाहणे, थांबणे, खरवडणे आणि सर्वांत शेवटी झाकणे हा क्रम आजही खोटा ठरलेला नाही. आम्ही शेवटची पायरी पहिली केली.

म्हणून आमच्या कुटुंबांस कळकळीची विनंती आहे. पाणी घरात शिरले असेल तर वायरमनने तपासल्याखेरीज विजेचे बटण दाबू नका. साफसफाईपूर्वी मोबाईलवर छायाचित्रे घेऊन ठेवा. पंचनाम्यास ती उपयोगी पडतात. गाळ ओला असतानाच काढा, सुकल्यावर तो दगडासारखा होतो. कपाटे, पेट्या भिंतीपासून दूर सारा. लाकडी सामान कडक उन्हात ठेवू नका, ते वाकते. सावलीत वाऱ्यावर वाळवा. फुगलेला गिलावा निर्दयपणे काढून टाका. भिंत वाळली की नाही हे पाहावयाचे असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा तिला चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतून दव धरले असेल तर अजून थांबणे प्राप्त आहे.

कारागीर निवडताना त्याने मागे दुरुस्त केलेले आणि त्यानंतर एक तरी पावसाळा सोसलेले घर स्वतः जाऊन पाहा. काम, सामान, दर व मुदत कागदावर लिहून घ्या. सर्व रक्कम आगाऊ देऊ नका. कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या. जो पहिल्याच दिवशी ओली भिंत झाकण्याची भाषा करतो, त्यास नम्रपणे निरोप द्या. आणि जो प्रामाणिकपणे राबतो त्याची मजुरी त्याच संध्याकाळी द्या. मजुराचे वेतन रात्रभर अडवून ठेवणे हे पाप आहे, असे त्याच लेवीय ग्रंथात बजावले आहे.

पावसाळा संपल्यावर आम्ही त्या वृद्ध गवंड्याच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. “फादर, मातीला घाई कळत नाही,” असे म्हणून तो हसला. त्याने उरलेला सिमेंटचा गिलावा खरवडला, पडलेल्या भिंतीस जांभ्या दगडाचे दोन फूट जोते घातले आणि वर मातीची भिंत चढविली. हिवाळाभर ती नुसती उभी ठेवली, मग भातेण घातलेल्या मातीचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा हात दिला. या खर्चाचा भार कोणी उचलला हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्याच्या शब्दाने नुकसान झाले त्याने तो उचलावा हे न्यायाचेच होते.

२०२१ च्या पुनरुत्थान सणानंतर आम्ही घर आशीर्वादित करावयास गेलो. पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी भिंतीस तळहात लावून पाहिला. मावशी म्हणाल्या, “कोरडी आहे, फादर. मी रोज बघते.” त्याच वर्षी जुलैत मलप्रभा पुन्हा चढली आणि पाणी त्यांच्या जोत्यास लागून परतले. भिंत उभी राहिली.

तेव्हापासून कोणी आमच्याकडे एखाद्या माणसाची शिफारस मागितली, तर आम्ही उत्तर देण्यास एक दिवस मागून घेतो. त्या दिवसात आम्ही त्याचे काम पाहून येतो.