मिरजेहून यायचा तंबोरा

वाद्य विकत घेणे आणि वाद्य करवून घेणे यांत फार अंतर आहे. दुकानातून आणलेले वाद्य कुणा एकासाठी घडवलेले नसते. घेणारा पुढे त्याच्याशी जुळवून घेतो. करवून घेतलेल्या वाद्याला मात्र आरंभीच एक गळा नेमून दिलेला असतो. वाद्य पुरे होईपर्यंत तो गळा आहे तसाच राहील, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. रिछाईच्या बाईंनी २०२३ च्या दिवाळीनंतर मिरजेला तंबोऱ्याची मागणी नोंदवली आणि इसार पाठवला, तेव्हा त्यांनीही ते तसेच धरले होते. कागदावर त्यांनी लिहिले: ‘जनानी तंबोरा, काळी चार.’

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत त्यांच्या मुलाची लेथची लहानशी शेड आहे आणि घर तिला लागूनच आहे. तिथे प्रत्येक कामाला तारीख असते. सुटा भाग ठरल्या दिवशी गेला नाही, तर बिलातून रक्कम कापली जाते. अशा घरात ‘भोपळा वाळला की कळवतो’ हे उत्तर येते, तेव्हा ते मुलाला हास्यास्पद वाटावे यात नवल नाही. बाई त्यावर काही बोलत नसत. सासूबाईंचा तंबोरा भोपळ्यात तडकल्यापासून त्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर शिकवत होत्या. तो न उतरता, न चढता तासन्‌तास वाजतो. बाईंची त्याच्याविषयीची तक्रार नेमकी हीच होती.

मिरजेतल्या या कारागिरीचा इतिहास अनेकांनी सांगितला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, फरीदसाहेब या शिकलगाराने वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि तलवारीवर फिरणारा हात भोपळ्यावर आला. जबलपुरात याच्या उलट घडले, असे म्हणता येईल. १९०४ मध्ये तिथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि त्यानंतर शस्त्रनिर्मिती हीच त्या शहराची ओळख झाली. तिथल्या एका घराने शिकलगारांच्या वंशजांकडे तंबोरा मागावा, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये.

तंबोऱ्याला वेळ का लागतो, हे समजून घ्यायचे तर भीमेच्या काठी जावे लागते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला वाद्यांसाठी कडू भोपळा पिकवतात. तो खाण्याच्या कामाचा नसतो, म्हणून तर टिकतो. वेलीवर असतानाच त्याची बैठक सांभाळावी लागते, कारण एकदा वाकडा वाढलेला भोपळा पुढे कोणी सरळ करू शकत नाही. उतरवल्यावर तो महिनोन्‌महिने वाळतो. मग भिजवायचा, कापायचा, तोंड हवे तेवढे रुंदावायचे आणि पुन्हा वाळवायचा. गळा, दांडी आणि तबली यांसाठी तुणीचे लाकूड, आणि तेही मुरलेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. पण भोपळा त्यामुळे लवकर वाळत नाही.

शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसून त्याला अतिशय मंद उतार द्यायचा आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की तार एका बिंदूवर टेकत नाही. त्या उतारावर ती क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिले. तार एखाद्या जागी छेडली, तर त्या जागी जे उपस्वर निःस्पंद असतात ते उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात, आणि जोमाने उमटतात, हे त्यांनी दाखवून दिले. गाणाऱ्याला ऐकू येणारा तंबोऱ्यातला गंधार कोणत्याच तारेवर लावलेला नसतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ जवारी स्वतः काढीत. त्यांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि तिथे दरवर्षी गाण्याचा उत्सव होतो.

जवारी विशिष्ट सुरासाठी काढलेली असते, आणि बाईंची अडचण इथूनच सुरू झाली. शेडच्या बाहेर खांबावर विजेचे रोहित्र आहे. आपल्याकडचा वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा. रोहित्राचा लोखंडी गाभा त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० वेळा थरथरतो. संगीताच्या भाषेत तो घुमारा पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या बराच खाली पडतो. बाईंना हे आकडे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण वीस वर्षे त्यांचा षड्ज त्या घुमाऱ्यापासून स्वच्छ वेगळा उभा राहत आला होता. २०२४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, पेटी न घेता गाताना, तो त्याला घासू लागला. दोन जवळचे सूर एकमेकांत अडकले की जी लाट उठते, ती त्यांना ऐकू आली. रोहित्र हलले नव्हते.

साठीच्या उंबरठ्यावर गळा उतरतो, यात अनुचित काही नाही. गंगूबाई हनगल यांचा आवाज गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खाली आला आणि त्या ढाल्या आवाजातच त्यांनी आपले गाणे उभे केले. बाईही शिष्यांना हे उदाहरण देत. तरी मिरजेला कळवायला त्यांनी चार महिने घेतले. त्या अवधीत त्या मनातून उशीरच व्हावा असे इच्छीत होत्या, असा तर्क केला तर तो चुकीचा ठरू नये. तंबोरा येत नव्हता तोवर कागदावरची काळी चार त्यांचीच होती. तो आला असता, तर तार उतरवून लावता आली असती. पण ढिल्या तारेवर जवारी मिटते. तेवढ्याच ताणावर अर्धा सूर खाली यायचा तर तारेची लांबी सुमारे सहा टक्क्यांनी वाढावी लागते. तीन फुटांच्या तारेला ती दोन इंचांहून थोडी अधिक होते. दांडी जोडल्यावर हे दोन इंच कोठून आणणार?

अखेर त्यांनी फोन केला. अर्धा सूर हा शब्द त्यांनी टाळला. ‘थोडं खाली’ एवढेच म्हणाल्या. मिरजेहून शांतपणे उत्तर आले: “दांडी अजून जोडली न्हाई, ताई. बरं झालं सांगितलंत.” मग त्यांनी बाईंचा षड्ज ध्वनिमुद्रित करून मागितला. बाईंनी दुसऱ्या दिवशी पहाटे, गळा ताजा असताना, तो पाठवला. तो काळी चारच्या अगदी जवळ लागला होता.

“ह्यो नको,” कारागीर म्हणाले. “शिकवणी आटपल्यावरचा पाठवा. दमलेला.”

संध्याकाळी मुले गेल्यावर बाईंनी फोन खिडकीत ठेवला आणि आकार लावला. शेडमधले लेथ बंद झाले होते. तासाभराने मिरजेहून विचारणा झाली: सूर कळला, जागा सापडली, पण मागे खालचा सूर धरून कोण बसले होते?

“ट्रान्सफॉर्मर,” बाई म्हणाल्या.

पलीकडे जरा वेळ कोणी बोलले नाही. मग कारागिरांनी सांगितले, की थंडीत पॉलिश चांगले बसते. संक्रांतीनंतर लाकडी खोक्यात भरून रेल्वेने पाठवतो. पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी. आणि भोपळ्याकडची बाजू हमालांनी खाली टेकवू नये, हे खोक्यावर हिंदीतही लिहितो.