गोळीची निवड

आपल्याकडील सुशिक्षित घरांतून शिकारीचें बोलणें निघालें, कीं तें बहुधा दोनच वाटांनीं जातें. एक वाट जिम कॉर्बेटच्या मचाणाकडे. दुसरी कण्वाच्या आश्रमाकडे, जेथें दुष्यंताच्या धनुष्यावर चढलेला बाण एक तपस्वी आड येऊन खालीं उतरवितो. पहिल्या वाटेवर थरार आहे, दुसरीवर करुणा आहे. पण हरिणाचें मरण सोपें कीं कठीण हें ज्या जिन्नसावर पुष्कळ अंशीं ठरतें, त्या बंदुकीच्या गोळीचा विचार या दोन्ही वाटांवर कोणी करीत नाहीं. शिकार म्हटली कीं माणूस, पशु आणि बंदूक एवढीं तीन पात्रें आपणांस दिसतात. चौथें पात्र करंगळीच्या पेराएवढें असल्यामुळें नजरेंत भरत नाहीं.

हिंदुस्थानांत हा प्रश्न आतां उरलेला नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ सालीं त्यांत झालेली दुरुस्ती यांनीं हौसेखातर चितळ-सांबर मारण्याची वाट बंद केली, आणि ती बंद झाली हें आम्हांस मनापासून पसंत आहे. पण आमचा पुतण्या राहतो अमेरिकेंत, पेनसिल्व्हानिया संस्थानांत, आणि तेथील गोष्ट निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या संस्थानांतून पांढऱ्या शेपटीचें हरीण जवळजवळ नाहींसें झालें होतें. १८९५ मध्यें तेथें शिकारीचें नियमन करणारें मंडळ निघालें, पुढें बाहेरून हरणें आणून सोडण्यांत आलीं. आणि लांडगा व प्यूमा हे त्यांचे जुने वैरी तोंपर्यंत संपलेले असल्यामुळें हरणें इतकीं वाढलीं, कीं रानांतलीं कोवळीं रोपें वर येईनात व रस्त्यांवर मोटारींना धडकून हरणें मरूं लागलीं. थँक्सगिव्हिंगच्या सणामागोमाग तेथें रायफलीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि परवाने घेणारांची संख्या लाखांनीं मोजावी लागते. गेल्या कांहीं वर्षांपासून आमचा पुतण्याही त्या लाखांत आहे.

ही बातमी प्रथम पुण्यास पोंचली तेव्हां घरांत ती कोणासच रुचली नाहीं. "तेथें काय दुष्काळ पडला आहे?" असें आमच्या कुटुंबानें त्यास विचारलें. त्याचें उत्तर असें: "काकू, दुकानांतलें मांस आम्ही खातोंच; तें कोण मारतें, कसें मारतें, हें दिसत नाहीं एवढेंच." उत्तर खरें आहे, पण आमच्या मतें तें अर्धें आहे. मारण्याचें काम ज्यानें दुसऱ्याच्या हातून काढून आपल्या हातीं घेतलें, त्यानें तें कसें होतें याचा जाबही आपल्याच शिरावर घेतला पाहिजे. म्हणून गेल्या हिंवाळ्यांत आम्ही त्याजकडे राहावयास गेलों असतां, "काका, गोळ्या घ्यावयास जावयाचें आहे, येतां का?" असें त्यानें विचारल्यावर आम्ही मुद्दाम गेलों. त्याची सहा वर्षांची मुलगीही बरोबर होती.

दुकानांतली ती भिंत पाहून आम्हांस आपल्याकडील आयुर्वेदीय औषधांच्या दुकानाची आठवण झाली. तशाच लहान लहान पेट्यांच्या रांगा, आणि प्रत्येक पेटीवर एक आंकडा व एक गुण. आंकडा वजनाचा, आणि तें वजन 'ग्रेन' या मापानें. हें माप आजच्या मुलांस परकें वाटेल. पण ज्यांच्या घरीं जुना सोन्याचा कांटा आहे त्यांस तें परकें नाहीं. इंग्रजी अमदानींत ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. म्हणजे मासा १५ ग्रेनांचा झाला. तेव्हां १८० ग्रेनांची गोळी पुरी एक तोळा, १५० ग्रेनांची दहा मासे, आणि १३० ग्रेनांची पावणेनऊ माशांस किंचित् कमी. हा हिशेब आम्हीं पुतण्यास सांगितला तेव्हां तो हंसला. पण पुढें सबंध वेळ तो माशांतच बोलत होता.

त्याची रायफल .२७० विंचेस्टर या जातीची, मध्यम बोअरची. ही जात १९२५ सालीं निघाली, व जॅक ओकॉनर नांवाच्या एका लेखकानें मासिकांतून आयुष्यभर तिची भलामण केली. मासिकांत लिहिणारांचा असाही प्रभाव एकेकाळीं पडत असे. नांवांत .२७०, पण गोळीचा व्यास .२७७ इंच, असा तिचा चमत्कारिक कारभार आहे. हिच्यांतून १३० ग्रेनांची गोळी नळीच्या तोंडाशीं सेकंदास सुमारें तीन हजार फूट वेगानें निघते. हा वेग पुढच्या सगळ्या निवडीच्या मुळाशीं आहे.

गोळी हरिणास मारते ती आपल्या धक्क्यानें नव्हे. खांद्याच्या मागें, छातीच्या पिंजऱ्यांत, फुप्फुसें व हृदय यांची जी जागा, तेथून ती रुंद वाट पाडीत गेली तर रक्तस्राव इतक्या झपाट्यानें होतो कीं जनावर थोड्याच क्षणांत शुद्ध हरपतें. वाट रुंद पडावयास गोळीनें आंत शिरतांच अळंब्याप्रमाणें फुललें पाहिजे. ती न फुलतां सुईसारखी आरपार गेली, तर हरीण तशा जखमेनिशीं पळतें, झाडींत दिसेनासें होतें, आणि कोठेंतरी घटकांनीं किंवा दिवसांनीं मरतें. उलट ती फार लौकर फुटली, खांद्याच्या हाडावरच तिचे तुकडे झाले, तरी परिणाम तोच: वरवरची भयंकर जखम, आणि आंत कांहींच नाहीं.

आपल्या आकाशांत असें एक हरीण आहे. मृग नक्षत्राचे चार तारे म्हणजे त्याचे पाय, मधले तीन म्हणजे पोटांत रुतलेला बाण, आणि मागें व्याध. टिळकांनीं १८९३ च्या आपल्या 'ओरायन' ग्रंथांत याच नक्षत्रावरून वेदांचा काळ मोजला. आम्हां सामान्यांस मात्र तें लहानपणापासून पोटांत बाण घेऊन पळणारें जनावर म्हणूनच ठाऊक. पेनसिल्व्हानियांत हंगाम सुरू होतो त्याच दिवसांत तें संध्याकाळनंतर पूर्वेस वर येतें. पुतण्याच्या अंगणांतून तें दाखवीत आम्ही ही गोष्ट नातीस सांगत होतों. ती ऐकून तो एवढेंच म्हणाला, "काका, असलें हरीण आपल्या हातून होऊं नये म्हणून तर पहिल्या हंगामाला माझी झोप गेली होती."

फुलणाऱ्या गोळीचें नांव काढलें कीं सुशिक्षित माणसाच्या मनांत 'डमडम' हा शब्द येतो. तो शब्द आपल्याच देशांतला. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ही गोळी तयार झाली. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत पूर्ण कवचाच्या नव्या गोळ्या लागूनही सरहद्दीवरचे पठाण पुढें येतच राहतात अशी गोऱ्या सैनिकांची तक्रार होती. म्हणून कवचाचें टोंक उघडें ठेवून आंतलें शिसें मोकळें केलें. १८९९ मध्यें हेग येथील परिषदेनें माणसाच्या शरीरांत सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असा ठराव केला. इंग्लंडनें त्यास मान्यता दिली ती १९०७ सालीं.

आतां गंमत पाहा. युद्धांत जी गोळी निषिद्ध, तीच पेनसिल्व्हानियाच्या कायद्यानें हरिणाच्या शिकारींत आवश्यक आहे. तेथील नियमाप्रमाणें गोळी सबंध शिशाची तरी पाहिजे, नाहींतर लागतांच फुलेल अशी तरी. पूर्ण कवचाची लष्करी गोळी घेऊन रानांत गेलेला माणूस गुन्हेगार ठरतो. वरवर पाहतां यांत विसंगति वाटते, पण ती नाहीं. शिपायाला लढाईतून बाजूला काढणें एवढेंच युद्धाचें प्रयोजन. तो जखमी होऊन इस्पितळांत गेला म्हणजे काम झालें, त्याउपर त्याचें शरीर फाडणें हा निव्वळ क्रूरपणा. हरिणाला इस्पितळ नाहीं. त्याची अर्धी जखम ही दया नसून सर्वांत वाईट गोष्ट आहे. क्रूर शब्द कोणता आणि क्रूर कृत्य कोणतें, यांचा घोटाळा आपल्यासारख्या शाकाहारी वाचकांच्या मनांत विशेष होतो, म्हणून हें जरा लांबवून लिहिलें.

निवडीचा पहिला पेंच असा, कीं अननुभवी माणूस जड आणि मोठें तेंच घेऊं पाहतो. पण फुलणें हें वजनापेक्षां वेगावर अवलंबून आहे. १८९५ सालची .३०-३० ही जुनी जात मंदगति आहे. तिला मऊ गोळी लागते, नाहींतर ती फुलतच नाहीं. शिवाय त्या जातीच्या कित्येक रायफलींत काडतुसें नळकांड्यांत एकामागें एक राहतात, आणि एकीचें टोंक दुसरीच्या टोपीवर टेंकतें. म्हणून तिच्या गोळ्या बोथट ठेवाव्या लागतात, टोंकदार कडक गोळी घातली तर नळकांड्यांतच बार उडण्याचें भय. .२७० चें संकट उलट. तिची चाल इतकी जलद, कीं पन्नास-साठ यार्डांवर उभ्या असलेल्या हरिणावर मऊ गोळी लागली तर ती फुटून जाते; आणि पेनसिल्व्हानियाच्या दाट रानांत हरीण दिसतें तें बहुधा तेवढ्याच अंतरावर. पश्चिमेकडील मोकळ्या माळावर, तीनशें यार्डांवर, तीच मऊ गोळी उत्तम.

हा पेंच सोडविण्यांत पुष्कळांची बुद्धि खर्ची पडली आहे. १९४६ सालीं कॅनडांत ब्रिटिश कोलंबियामध्यें जॉन नॉस्लर नांवाच्या शिकाऱ्याच्या जलद रायफलीच्या गोळ्या चिखलानें लडबडलेल्या एका प्रचंड मूस हरणाच्या कातड्यावर फुटून फुकट गेल्या. त्यानें घरीं येऊन गोळीच्या मधोमध तांब्याचा पडदा घातला: पुढचें शिसें फुलावें, मागचें शाबूत राहून आंत खोल जावें. १९४८ पासून ती विकली जाऊं लागली व आजही मिळते. दुसऱ्या कोणीं शिसें कवचाशीं सांधून टाकलें; तिसऱ्यानें टोंक प्लॅस्टिकचें केलें, म्हणजे लांबवर वाऱ्याला कमी अडेल आणि लागतांच पाचरेसारखें आंत घुसून गोळी उघडेल. शेवटीं शिसें अजिबात काढून सबंध गोळीच तांब्याची करण्यांत आली. तिच्या नाकांत पोकळी असते, व ती आंत जाऊन चार पाकळ्यांनीं उघडते.

पुतण्याच्या हातांत दोन पेट्या होत्या: एक दहा माशांची साधी, शिशाची, दुसरी १३० ग्रेनांची, तांब्याची, आणि बरीच महाग. हरिणापुरतें पाहिलें तर दोन्हींनीं काम होतें. येथें मात्र आम्हीं आमचें वजन तांब्याच्या पारड्यांत टाकलें.

शिशाची गोळी फुलतांना तिचे बारीक कण उडतात, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत ते जखमेपासून कित्येक इंच दूरवर विखुरलेले दिसतात. शिकारी रानांतच कोथळा काढून टाकतो, तो गिधाडें खातात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा अमेरिकेंतला गिधाडराज १९८२ सालीं अवघ्या बावीसांवर आला होता. पिंजऱ्यांत वाढवून पुन्हां सोडलेल्या पक्ष्यांनाही शिशाची विषबाधा भोंवत राहिली. त्या संस्थानानें २०१३ मध्यें कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. ज्या देशानें गुरांच्या औषधापायीं आपलीं गिधाडें आकाशांतून नाहींशीं होतांना पाहिलीं व २००६ सालीं तें डायक्लोफेनॅक गुरांकरितां बंद केलें, त्या देशांतल्या माणसास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं. आमच्या लहानपणीं मेलेल्या गुराभोंवतीं दिसणारीं गिधाडें आमच्या नातवंडांनीं चित्रांतच पाहिलीं आहेत.

पण पेनसिल्व्हानियांत काँडोर नाहींत, असें पुतण्या म्हणाला, आणि त्याचें म्हणणें खरें होतें. तेव्हां आम्हीं त्यास दुसरी गोष्ट विचारली. २००८ सालीं नॉर्थ डकोटा संस्थानांत गोरगरिबांस वांटण्यासाठीं दिलेल्या हरिणाच्या खिम्यांत शिशाचे कण सांपडले, व तो वांटूं नये असें तेथील आरोग्यखात्यास सांगावें लागलें. लहान मुलाच्या रक्तांत किती शिसें चालतें, या प्रश्नाला वैद्यकशास्त्राजवळ सुरक्षित असा एकही आंकडा नाहीं. "तुझ्या घरीं खिमा कोण अधिक खातें?" ती त्याच वेळीं पलीकडे नारिंगी रंगाच्या टोप्या घालून पाहत होती. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें शिशाची पेटी परत फळीवर ठेवली.

तांब्याचे दोष नाहींत असें नाहीं. तें शिशाहून हलकें, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. आणि तें कठीण, म्हणून फुलावयास वेग अधिक हवा. यावर उपाय दोन: गोळी थोडी हलकी घेणें, म्हणजे ती जलद जाईल, आणि लांबचा बार न काढणें. पहिला त्यानें पेटी निवडतांनाच केला होता. दुसऱ्याबद्दल त्यानें दीडशें यार्डांची मर्यादा आपणच घालून घेतली; तो म्हणाला, "त्यापलीकडचें हरीण दुसऱ्या कोणाचें तरी."

गोळी बदलली कीं नेम बदलतो. प्रत्येक रायफलीला, दोन अगदीं एकाच जातीच्या असल्या तरी, आपापली आवड असते, आणि ती कागदावर झाडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. पुढच्या रविवारीं तो चांदमारीच्या मैदानावर गेला. आम्ही कानांवर गादीदार झांकणें लावून मागच्या बांकावर बसलों. शंभर यार्डांवरच्या कागदावर पहिल्या तीन गोळ्यांचीं भोकें एका रुपयाखालीं झांकतील इतकीं जवळ पडलीं, पण मध्यापासून दोन इंच डावीकडे. त्यानें दुर्बिणीचा स्क्रू आठ टिचक्या फिरविला व आणखी तीन बार काढले. हीं भोकें मध्यावर आलीं. वीस काडतुसांतलीं चौदा उरलीं होतीं. तीं त्यानें मोजून पेटींत ठेविलीं आणि जुनीं, शिशाचीं, कागदावर झाडावयास म्हणून वेगळ्या डब्यांत टाकलीं.