ज्ञानाचें गायरान

'लर्निंग कॉमन्स' या नांवाची एक नवी वस्तु हल्लीं शाळांच्या नकाशांत दिसूं लागली आहे. जुन्या ग्रंथालयाच्या जागीं चाकांचीं टेबलें, रंगीत बैठकी, संगणकांची रांग आणि चर्चेसाठीं कांचेची खोली, असें तिचें रूप असतें. मला या रूपापेक्षां नांवाचें कौतुक अधिक वाटतें. इंग्रजी खेड्यांत 'कॉमन' म्हणजे सर्वांच्या गुरांना मोकळें असलेलें रान. आपण त्याला गायरान म्हणतों.

गायरानांत शिरणाऱ्या गाईला 'तूं कोणाची?' असें कोणी विचारीत नाहीं. शाळेच्या ग्रंथालयांत मात्र पुष्कळदां मुलाला पहिला प्रश्न तोच असतो. इयत्ता कोणती? तास कोणाचा? चिठ्ठी आणली कां? मग त्यानें कांचेआडच्या पुस्तकाकडे बोट दाखवावें, आणि किल्ली सांपडली तर तें त्याच्या हातीं पडावें! आपल्याला काय हवें हें ज्याला आधींच ठाऊक आहे, त्यालाच ही व्यवस्था उपयोगी. दहा वर्षांच्या मुलाला तें ठाऊक कसें असावें? तें चरतां चरतांच कळावयाचें असतें. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम प्रसिद्ध केले. त्यांतला पहिलाच असा कीं, पुस्तकें वापरण्यासाठीं असतात. एवढी उघड गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, यांतच सारें आलें.

कोणी म्हणेल, कपाटें उघडीं ठेवलीं तर पुस्तकें जातील. थोडीं जातीलच. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्या पगारांतून होईल ही ज्याला भीति, त्या ग्रंथपालानें कुलूप लावलें तर त्याला बोल कसा लावावा? परंतु केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तनियमसुद्धां, वाचकांनीं नेलेल्या वा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागें वर्षाला पांच ग्रंथ गहाळ होणें, त्यांत लबाडी वा हयगय नसेल तर, वाजवी समजतात. जें हिशेबनिसांना पटलें तें शिक्षकांना कां पटूं नये? म्हणून आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील एका शाळेनें सल्ला विचारला तेव्हां मीं पहिली सूचना टेबलांविषयीं केली नाहीं. हजारीं पांचांची ही सूट ग्रंथपालास लेखी ठरावानें द्यावी, असें सुचविलें. कपाटें त्यानंतर मुलांच्या हाताशीं येतील इतकीं बुटकीं करावीं.

नमुन्यासाठीं विलायतेलाच जावयास पाहिजे असें नाहीं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांतील आमची पाणचक्की पाहावी. दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून येई, त्यावर जातें फिरे, आणि त्याच आवारांत ग्रंथसंग्रहही होता. तेथल्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचें छत. वर पाणी, खालीं गारवा. मराठवाड्याच्या वैशाखांत वाचक टिकवावयाचा तर गारवा हा ग्रंथालयशास्त्राचा सहावा नियम मानावा लागेल.

पण कुलूप निघालें आणि गारवा आला कीं गायरान झालें, असेंही नव्हे. याच शहरांत १९५० सालीं मिलिंद महाविद्यालय सुरू करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बालपणीं साताऱ्याच्या शाळेंत इतरांपासून वेगळें बसावें लागे, आणि बसावयाचें गोणपाटही स्वतःच न्यावें लागे. बैठक ही केवळ सुतारकामाची बाब नव्हे, हें ज्या देशानें असें शिकावें, त्यानें खुर्च्यांचे रंग निवडण्यापूर्वीं त्यांवर कोण बसणार हें विचारावें. ज्या मुलीच्या घरीं एकच खोली, तींतच चूल, पाळणा आणि दूरचित्रवाणी, तिला शाळा सुटल्यावर अभ्यासाला जागा कोठली? घंटेबरोबर दार बंद होणार असेल, तर आंतल्या रंगीत बैठकी तिच्या काय कामाच्या? चाकांचीं टेबलें न मिळालीं तर सतरंजीवर भागेल. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास उघडें राहणारें दार मात्र नकाशांत सर्वांत आधीं काढावें.