पत पाहून दिलेली माडी

व्यापारी घराण्यात उधारी देताना जी सावधगिरी बाळगली जाते, ती घराचे दार उघडताना पुष्कळदा विसरली जाते. नवख्या गिऱ्हाइकाला माल देण्यापूर्वी आपण चार पेढ्यांवर विचारणा करतो. घरात जागा देताना मात्र 'चेहऱ्यावरून सज्जन वाटला' एवढ्यावर भागवतो. याउलट कित्येक कुटुंबे भीतीपोटी माड्याच कुलूपबंद ठेवतात. त्या भीतीलाही इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात ठेवलेले भाडेकरू नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याचे जुन्या पेठांतील घरमालकांनी पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या सांगलीच्या घरात उभा राहिला. मुलगा व सून नोकरीनिमित्त पुण्यास गेली. यजमानांचे हळदीचे अडत दुकान. सौद्यांच्या दिवसांत हिशेबासाठी मलाही तेथे बसावे लागते. घरी ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई एकट्या आणि माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या. भाड्यापेक्षा घरात जाणता वावर असावा, ही आमची निकड होती. त्यामुळेच निवड अधिक नाजूक झाली. गाळ्याचा भाडेकरू वाईट निघाला तर पैसे बुडतात. घरातला वाईट निघाला तर घरच्यांची झोप उडते.

माझे सासरे शेतकऱ्याला उचल देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहत. मागच्या अडत्याशी त्याचा व्यवहार कसा संपला, तो स्वतःहून काय सांगतो आणि कागदावर सही करताना का-कू करतो काय. हीच फूटपट्टी आम्ही माडीसाठी लावली.

पहिल्या गृहस्थांनी वर्षाचे भाडे रोख, आगाऊ देऊ केले. अट एकच, करारपत्र नको. रक्कम मोठी होती. पण जो कागद टाळण्याची किंमत मोजायला तयार आहे, त्याला कागदाचे भय का वाटते, हा विचार मनातून जाईना. त्यांना नम्रपणे नकार दिला.

दुसरा तरुण आपल्याच समाजातला, नात्यातून आलेला. रात्रिभोजन, कंदमुळे, पाहुण्यांची ये-जा, आमच्या प्रत्येक नियमाला त्याने मान डोलावली. मी त्याच्या आधीच्या घरमालकांना दूरध्वनी केला. 'माणूस कसा आहे?' या प्रश्नाला सारेच 'चांगला' म्हणतात. म्हणून विचारले, "पुन्हा ठेवून घ्याल का?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग कळले, की दोन महिन्यांचे वीजबिल थकवून तो न सांगताच गेला होता. नातेवाइकांचा रुसवा पत्करणे सोपे नव्हते. पण सधर्मी असणे ही ओळख आहे, हमी नव्हे, हे यजमानांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

तिसरी आली ती बीडकडची मुलगी, बँकेत बदली होऊन आलेली. ती बसताच म्हणाली, "काकू, घरात तुमचे सगळे नियम पाळीन. पण बाहेर मी अंडी खाते, हे आधीच सांगते." मी गप्प झाले. सासूबाई आयुष्यभर कडक नेमधर्म पाळणाऱ्या. त्यांच्या शब्दाविना काही ठरणे शक्य नव्हते. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "जी न विचारता सांगते, ती विचारल्यावर लपवणार नाही. तिलाच ठेवा."

तिनेही आम्हाला पारखले, हे मला विशेष आवडले. खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे राहील? तिच्या माघारी खोलीत कोणी जाईल का? अनामत किती दिवसांत परत मिळेल? प्रश्न रास्त होते. आम्ही ठरवले, की तिच्या खोलीत न सांगता जायचे नाही. आमची चूल सूर्यास्तापूर्वी विझते. पण आठला थकून येणाऱ्या मुलीवर आपले व्रत लादायचे नाही. माडीवर कंदमुळे शिजणार नाहीत, एवढीच मर्यादा.

यानंतर कागद. तिच्या शाखेत जाऊन नोकरीची खात्री केली, ओळखपत्राची प्रत घेतली, पोलीस ठाण्यात माहिती दिली. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज आपल्याकडे फार पसरला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची असून, ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. आता ही नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या अंगठ्याच्या ठशावर होते. म्हणजे टाळण्यास सबबही उरलेली नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले परगावी आहेत, घरे मोठी आहेत आणि वृद्ध एकटे आहेत. अशा घरांत विश्वासू माणूस येणे ही आजची गरज आहे. विश्वास हा पतीसारखाच असतो. तो चेहरा पाहून एकदम मिळत नाही, लहान लहान व्यवहारांतून वाढतो. चौकशी म्हणजे संशय नव्हे. दोन्ही बाजूंनी ती मोकळेपणाने झाली, तर पुढे मनात किंतू राहत नाही.

गेल्या महिन्यात करार दुसऱ्यांदा संपला. आता रविवारी दुपारी ती आजींच्या पानाशेजारीच जेवायला बसते. यजमान सहज म्हणाले, "आता घरचीच झालीस, कागद कशाला?" ती हसून म्हणाली, "काका, घरचीच आहे म्हणून तर हिशेब चोख हवा." व्यापाऱ्याच्या घरात याहून गोड उत्तर कोणते असणार?